शेषरावकाकाजी आणि कागदवाला बोल्ट

ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान चालवणाऱ्या माणसानं कान जाड ठेवावेत. बेअरिंग महाग, ऑइल सील महाग, फॅनबेल्टचं तर नावच काढू नका. सौंसरच्या बसस्टँडमागे माझं दुकान आहे आणि "लुटून राहिला तू, प्रभाकर" हे वाक्य मी सकाळच्या अगरबत्तीबरोबरच ऐकायला सुरुवात करतो. इतक्या वर्षांत एकच गिऱ्हाईक असं भेटलं की जे माझे भाव ऐकून पोट धरून हसायचं.

"याले महाग म्हणतेत? अरे बाप्पा! एक डाव बोरगावले ये माह्या बगीच्यात, महाग काय असते थे दाखवतो तुले."

हे शेषरावकाकाजी. गेल्या वर्षी ते गेले, आणि माझ्या दुकानात हसणारं कोणी उरलं नाही.

ते पहिल्यांदा आले तो प्रसंग सांगतो. अंगावर घरी धुतलेलं, इस्त्री न पाहिलेलं धोतर, पायात दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला, आणि हातात रुमालाची पुरचुंडी. काउंटरवर पुरचुंडी सोडली, तर आत एक बोल्ट. "असा आहे का?" मी ड्रॉवर ओढला, तसाच काढला, नट घालून फिरवून दाखवला. लांबी तीच, आटे तेच. काकाजींनी तो दोन बोटांत धरला, उन्हात नेला, वास घेतला, आणि म्हणाले, "याचा कागद?"

"कशाचा कागद?"

"हा कोन्त्या कारखान्यात झाला, कोन्त्या लोखंडाचा, कोनं तपासला, कोनं सही केली."

"काकाजी, बोल्ट आहे हा. सोयरीक जुळवायची आहे का याची?"

"मंग नाही चालत," म्हणाले, आणि रुमाल बांधून निघाले. जाता जाता किंमत मात्र विचारली. मी सांगितली. जिथं उभे होते तिथंच ते हसायला लागले. त्यांच्या रुमालातला बोल्ट साता समुद्रापलीकडून आला होता. त्या एका बोल्टच्या पैशात माझ्याकडून अख्खी पेटी मिळाली असती, आणि वरून मी चहाही पाजला असता.

आता हा बोल्ट ज्याला लागत होता ती वस्तू सांगतो. शेषरावकाकाजींच्या बोरगावच्या संत्र्याच्या बगीच्यात, मोटारपंपाच्या खोलीला लागून एक पत्र्याचं शेड होतं, आणि त्या शेडात एक विमान होतं. खरंखुरं. दोन माणसं मागेपुढे बसतील एवढं, कापडी पंखांचं, माझ्याहून वयानं मोठं.

काकाजींची सगळी नोकरी नागपूरला, विमान चालवायला शिकवणाऱ्या एका क्लबात गेली. काम काय, तर विमानं ढकलायची. शेडातून बाहेर ढकला, पोरं उडून आली की आत ढकला, पंखे पुसा, चाकाखाली ठोकळे लावा. पाऊस असो, ऊन असो. कितीतरी लोक त्यांच्या डोळ्यांदेखत उडायला शिकले, कोणी मोठाल्या कंपन्यांत पायलट झाले. काकाजींना कोणी "बसा" म्हटलं नाही आणि यांनी कोणाला म्हणायला लावलं नाही. पुढे क्लबानं जुनी विमानं भंगारात काढली. काकाजींनी हातात आलेले फंडाचे पैसे त्यातल्या एका विमानाला लावले, पंख सोडवून वेगळे बांधले, आणि संत्र्याच्या ट्रकमध्ये खाली तणस अंथरून विमान गावी आणलं. बोरगावात लोकांना वाटलं, काकाजींनी परदेशी थ्रेशर घेतलं.

"एक डाव बसाचं आहे याच्यात," ते मला म्हणाले होते, अगदी साधेपणानं. "वरून बगीचा पाहाचा आहे. बस."

एवढीच त्यांची हौस. बाकी सगळ्या आयुष्यात हा माणूस इतका चिकट की काय सांगू! लुनाला ब्रेक नव्हता, चपलेनं थांबवत. मोटारपंपाला जुनी स्लिपर कापून केलेला वायसर. चष्म्याच्या काडीला तांब्याची तार. टपरीवर चहा सांगितला की "एकात दोन" सांगायचे आणि समोर कोणी नसलं तरी दुसरा अर्धा स्वतःच प्यायचे, कारण एकात दोन केला की टपरीवाला थोडा जास्तच ओततो. जुगाडात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण विमानाच्या बाबतीत जुगाड हा शब्द काढला तर अंगावर येत.

मी एकदा न राहवून म्हणालो, "काकाजी, पंपाला स्लिपर चालते, मग याला माझा बोल्ट का नाही चालत?"

"पंप बंद पडला तं मी बांधावर बसून बिडी पेतो," ते म्हणाले. "लुना बंद पडली तं ढकलतो. हे वर बंद पडलं तं वर कोन ढकलीन?"

मी माझा बोल्ट ड्रॉवरमध्ये परत टाकला.

भाव मात्र त्यांना सोसत नसे. तिकडचा एक विक्रेता होता, गोरा, फोनवर बोलायचा. काकाजी माझ्या दुकानात येऊन, माझ्या फोनवरून, माझ्या पैशानं त्याच्याशी घासाघीस करत. क्लबात साहेबांचं ऐकून ऐकून इंग्रजी कामापुरतं आलं होतं. एकदा चाकाच्या आतलं रबरी सील घ्यायचं होतं. गोऱ्यानं भाव सांगितला. काकाजींनी पांढुर्ण्याच्या गुजरीत भाजीवालीला दाखवतात तसा चेहरा केला, फोन खाली ठेवल्यासारखा केला, पुन्हा उचलला. "लास्ट प्राइस?" तो म्हणाला, हीच. "ओके, देन टू नट फ्री." तो म्हणाला, नाही. "वन नट." तो हसला असावा, कारण काकाजी एकदम माझ्याकडे वळले, "पघलला!" आणि फोनमध्ये ओरडले, "अँड आय सेंड ऑरेंज! व्हेरी स्वीट! आंबिया बहार!"

त्या गोऱ्यानं खरंच दोन नट फुकट पाठवले. संत्री गेली नाहीत, कारण पाठवायचं भाडं ऐकून काकाजींनी संत्र्याची पेटी परत घरी नेली आणि त्याला फोनवर सांगितलं, बहार यंदा आंबट निघाला.

पार्सल आलं की तो दिवस सणाचा. आतून निघायचं काय, तर करंगळीएवढं सील आणि त्याला दोऱ्यानं बांधलेला पिवळा कागद. काकाजी सील एक वेळ खाली ठेवतील, कागद नाही. कमलकाकी, म्हणजे त्यांच्या बायको, हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून पाहत असत. काकी सावरगावच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपल्याड दगड मारतात त्या गोटमारीच्या गावची लेक, नेम कधी चुकला नाही.

"नातवाच्या जन्माचा दाखला सापडत नाही घरात," त्या मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पन वायसरचा बरोब्बर सापडते. याईले म्हना, मी मेली तं माह्याही पायाले असाच कागद बांधा, तेवढीच जपून ठेवान."

"तुले कोन पाठवणार पार्सलनं," काकाजी म्हणाले, "भाडं पाहिलं का?"

असं करत करत, एकेक बोल्ट, एकेक वायर, कितीतरी हंगामांची संत्री त्या विमानाच्या पोटात गेली. आणि एका श्रावणात काकाजी दुकानात आले ते न हसता. "झालं," म्हणाले. "सगळं झालं. पोया झाला की तपासनीचे इंजिनियर साहेब येऊन राहिले. त्याईनं सही केली की उडते."

मला आनंद झाला, खरंच झाला. पेढेसुद्धा मीच आणले, कारण ते आणणार नाहीत हे मला माहीत होतं.

आता मारोतीबद्दल सांगायला पाहिजे. मारोती काकाजींचा सालदार. बैलांवर जीव लावणारा, बोलायला थोडा, कामाला वाघ. काकाजींनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला तेव्हा तो कितीतरी दिवस नीट जेवला नाही. त्याला काकाजींनी विमानाच्या शेडाची चावी देताना सांगितलं होतं, "हे बैल समजून राखाचं. बैलावानी जपाचं." आणि मारोतीनं ते अक्षरशः पाळलं. रोज सकाळी पुसायचा. येता-जाता थाप मारायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी कोमट करून, पळसाच्या पानानं चोळतात, आणि बैलाच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मारोतीच्या गोठ्यात बैल नव्हता. पण शेडात होता. त्यानं काकीकडून लोण्याचा गोळा मागून नेला, हळद कालवली, आणि जिथं विमानाचे पंख अंगाला जुळतात, तेच खांदे नाही का, तिथं दोन्हीकडून पोटभर चोळलं. कापड चांगलं मुरेपर्यंत. मग नाकापाशी जाऊन रीतसर आवतण दिलं, आणि समाधानानं घरी गेला.

आवतण दिलं विमानाला, जेवायला आले उंदीर.

सकाळी माझ्या दुकानाचं शटर उघडायच्या आत काकाजींचा फोन. "ये," एवढंच म्हणाले. मी बोरगावला पोचलो तर काकाजी शेडात पालथ्या घमेल्यावर बसलेले. दोन्ही पंखांच्या मुळाशी कापड कुरतडून आतल्या लाकडी फासळ्या बाहेर दिसत होत्या, आणि सगळीकडे लोण्याचा वास. मारोती कोपऱ्यात उभा राहून रडत होता.

"मालक, तुमीच म्हटलं होतं, बैल समज म्हून."

मला वाटलं आता काही खरं नाही. या माणसानं एका वायसरसाठी माझ्याशी भांडण केलेलं. पण काकाजी त्या भोकाकडे पाहत म्हणाले, "म्हटलं होतं खरं." मग उठले, धोतर झटकलं. "ऊठ गा मारोती. बैल सजवला तं तोरनाखाली न्या लागते. आपला बैल उपाशी ठेवाचा का पोयाच्या दिवशी?"

आणि त्यांनी ते नेलं हो! पंख कुरतडलेले, त्यावर बैलांच्या जुन्या झुली टाकल्या, नाकाला बाशिंग बांधलं, पंख्याला बेगड लावलं, आणि ट्रॅक्टरमागे दोरानं ओढत विमान पोळ्याच्या रांगेत आणून उभं केलं. शेजारचा खिल्लारी दावं तोडून पळाला. सगळं गाव लोटलं. झडत्या, म्हणजे पोळ्यातल्या यमकी ओळी, म्हणणाऱ्यांना तर देवच पावला. एकजण पुढं झाला, कानावर हात ठेवला:

"शिंगं नाही, शेपूट आहे, पंखं आहे, उडत नाही,
शेषरावच्या बैलाले ढेप-सरकी चालत नाही!
हर हर महादेव!"

सगळ्यात मोठ्यानं काकाजीच हसले. पण मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांचा एक हात पूर्ण वेळ त्या झुलीखाली होता, फाटक्या कापडावर. मला फार वाईट वाटलं.

इंजिनियर साहेब ठरल्याप्रमाणे आले. पाहिलं, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि भल्या माणसानं हसू दाबलं. म्हणाले, भोकावर ठिगळ चालणार नाही, तेल मुरलंय, दोन्ही पंखांचं सगळं कापड बदला. तेच कापड, तिकडूनच, कागदासकट. गोऱ्यानं भाव कळवला. यावेळी काकाजींनी "लास्ट प्राइस" विचारलंसुद्धा नाही. काकींना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी बोटांवर हिशोब केला.

"एवढ्यात तं बोरगावच्या अख्ख्या बायाईले लुगडे होतेत," मग त्या म्हणाल्या, "अन् मानसाईले धोतरंही. वरून पाहुनचार."

मी काकाजींना म्हणालो, पांढुर्ण्याला मंडपवाल्याकडे चांगलं जाड कापड मिळतं, रंग मारला की कोण बघतंय. त्यांनी विचारलं, त्याचा कागद? मी विषय बदलला.

आणि त्याच सुमाराला दक्षिणेतून एका कॅप्टन साहेबांचा फोन आला. रिटायर माणूस. त्यांच्याकडे याच जातीचं, याच वयाचं विमान. पंख, कापड, चाकं, सगळं टकाटक, पण एक मॅग्नेटो गेलेला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा डबा. असे दोन असतात, आणि दोन्ही धडधाकट असल्याशिवाय उडायला परवानगी नाही. जगभर शोधून त्यांना मिळेना, मिळाला तर भाव असा की त्यात नवी गाडी आली असती. गोऱ्यानंच सांगितलं होतं त्यांना, की तुमच्याच देशात एक संत्रेवाला आहे, त्याच्याकडे दोन आहेत, कागदासकट.

कॅप्टन म्हणाले, तुमचा एक मॅग्नेटो मला विका. काकाजी म्हणाले, तुमच्या पंखाचं कापड मला विका. ते म्हणाले, अंगावरचं कापड कसं विकू. हे म्हणाले, मग पोटातलं काळीज मी कसं विकू. दिवाळीपर्यंत हे चाललं, माझ्याच फोनवर. दोघं म्हातारे, दोघं हट्टी. मधेमधे तर दोघंही आपापल्या गुडघेदुखीवर बोलायचे आणि फोन माझा तापायचा.

एक दिवस काकाजी आले. पुरचुंडी यावेळी मोठी होती, दोन हातांनी धरलेली. काउंटरवर ठेवली. उघडायच्या आतच मला कळलं.

"काकाजी! काढला?"

"काढला."

"आणि आपलं विमान?"

"त्याचं आता कापड होत नाही, प्रभाकर. माह्या हिशोबात होत नाही, अन् माह्या वयातही होत नाही. दोन इमानं खाली बसून काय फायदा? एक तं उडू दे."

मी विचारलं, कितीला ठरला? म्हणाले, फुकट.

माझं डोकंच फिरलं. कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडणारा माणूस! गाडीएवढ्या किमतीचा डबा फुकट! मी काउंटरवर हात आपटून बोललो, वाट्टेल ते बोललो, बह्याड झालात का म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं.

"पैसे घेतले तं मी स्पेअरपार्ट इकला. तुह्यासारखा दुकानदार झालो," ते म्हणाले. "मले पार्ट इकाचा नाही. मले बसाचं आहे. म्या त्याईले सांगतलं, पैसा नोको, एक चक्कर द्या."

मग मात्र मी पार्सल बांधायला घेतलं. पिवळा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं डब्याला बांधला. भाडं मी दिलं, हे वेगळं सांगायला नको.

कॅप्टन शब्दाचे पक्के निघाले. परवानग्या, कागद, सगळं त्यांनी पाहिलं, आणि थंडीच्या दिवसांत ते विमान घेऊन छिंदवाड्याकडच्या धावपट्टीवर उतरले. आम्ही जीपनं गेलो. काकाजी, मी, मारोती, आणि "मी काय नाही येत" असं आदल्या दिवशीपर्यंत म्हणणाऱ्या काकी, नवं लुगडं नेसून. काकाजींचं धोतर आयुष्यात पहिल्यांदा इस्त्रीचं होतं. त्यांनी विमानाला एक फेरी मारली, प्रत्येक बोल्टला डोळ्यांनी हात लावला. कॅप्टन म्हणाले, "या, बसा."

काकाजी हलेनात. मला वाटलं घाबरले. पण ते काही घाबरलेले नव्हते. त्यांना कोणी तसं म्हटलेलं ऐकायची सवय नव्हती, एवढंच.

विमान गेलं. बोरगावाकडं गेलं, दिसेनासं झालं. काकी पदर तोंडात धरून आभाळाकडे पाहत उभ्या. मारोती देवाचं नाव घेत होता. मी मेला दुकानदार, मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो, कुठं खडखड होते का. झाली नाही. परत आलं, उतरलं, एक हलकी उडी मारून धावपट्टीवर थांबलं. कॅप्टन उतरले.

काकाजी आतच.

"काय दिसलं जी?" काकी खालून ओरडल्या.

"बगीचा दिसला," आतून आवाज आला. "तळहाताएवढा. उगाच एवढं पानी पाजलं त्याले."

काकींनी दुसरीकडं तोंड फिरवलं.

"उतरा आता, काका," कॅप्टन म्हणाले. "विमान बाजूला घ्यायचंय."

"बसू द्या ना जी जरा," काकाजी म्हणाले. "आता कुठी पेट्रोल जळून राहिलं."

कॅप्टन स्वतः मागं गेले आणि शेपटीला हात लावला. मारोतीनं एक बाजू धरली, मी दुसरी. काकींनी लुगड्याचा कासोटा आवळला आणि त्याही आल्या. आम्ही चौघं ते विमान धावपट्टीच्या कडेकडेनं ढकलायला लागलो, आणि आत शेषरावकाकाजी ताठ बसून होते, दोन्ही हात मांडीवर, नजर समोर.

"कापडाले हात नका लावू!" ते मागं न बघता ओरडले. "आन् हळू ढकला जी. मले काई घाई नाही."

आम्ही हळू ढकललं.